खरवडायची राहिलेली तार

सातपूरच्या प्रशिक्षण केंद्रात मी आता नाही, पण माझे हात अजून तिथे आहेत. वाइंडिंगच्या वर्गात टेबलांवर पंपा-पंख्यांच्या मोटारींच्या रिकाम्या बॉड्या बोल्टने पक्क्या केलेल्या आहेत. मुलं डोळ्यांवर जाड काळे चष्मे चढवतात आणि त्या रिकाम्या बॉडीत त्यांना तांब्याची तार दिसते, तिच्या वेढ्यांची कॉइल दिसते आणि ती कॉइल भरणारे दोन हात दिसतात. ते माझे. मुलं त्या हातांवर आपले हात धरून तसंतसं करत जातात. बरोबर झालं की हिरवी खूण येते, चुकलं की लाल. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र वीस मुलं हवेत काहीतरी विणत बसल्यासारखी दिसतात.

एकाहत्तर साली मी सातपूरच्याच एका कारखान्यात कॉइल सेक्शनला लागले. आम्ही बारा बायका होतो. तेव्हा सातपूरला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं होती आणि पहिल्या पाळीला जाताना साडीचा काठ दवाने भिजायचा. आम्हाला शिकवायला यशोदाबाई होत्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी मला पहिले आठ दिवस कॉइलला हात लावू दिला नाही. हातात अर्धं ब्लेड दिलं आणि तारेची टोकं खरवडायला बसवलं.

मोटारीच्या तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो. तो दिसत नाही. नवख्याला तार उघडीच वाटते, कारण आतलं तांबं त्यातून चमकतं. त्या थरातून वीज जात नाही, आणि जायला नकोच, नाहीतर वेढ्याला वेढा लागून मोटार जळेल. फक्त जिथे दोन तारा जोडायच्या तिथे टोकं खरवडून घ्यावी लागतात. यशोदाबाई माझं टोक खिडकीच्या उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "अगं, हिच्या अंगावर अजून कपडा आहे. तो काढ आधी." नीट खरवडलेलं तांबं गुलाबी दिसतं, चिंचेने नुकत्याच घासलेल्या तांब्यासारखं. आठव्या दिवशी मला तो गुलाबी रंग ओळखता आला. नखांत गेलेली इनॅमलची भुकटी महिनाभर निघाली नव्हती.

पुढे मी केंद्रात शिकवायला लागले तेव्हा माझ्या प्रत्येक बॅचला पहिले आठ दिवस तेच. मुलं कुरकुरायची, "बाई, वाइंडिंग कधी?" मी म्हणायचे, "कपडा काढता आला की."

निवृत्तीनंतरही केंद्राने मला मानधनावर ठेवलं होतं. तीन वर्षांपूर्वी अमोल आला. सटाण्याचा मुलगा, पुण्याला इंजिनिअर झालेला, बोलायला गोड. त्याची कंपनी ऑगमेंटेड रिॲलिटीचे धडे बनवत होती. खऱ्या टेबलावर खोटी तार दिसते, एवढंच मला त्यातलं समजलं.

"बाई, तुमचे हात आम्ही आत भरून ठेवणार. तुम्ही नसलात तरी पोरं तुमच्याकडूनच शिकतील," तो म्हणाला.

"मला घालवायची एवढी घाई का रे?"

तो लाजला. त्या लाजण्यावर मी होकार दिला असावा.

तीन दिवस मी ठिपक्याठिपक्यांचे हातमोजे घालून चार कॅमेऱ्यांखाली मोटार भरत बसले. दुसऱ्या दिवशी त्याने पडद्यावर दाखवलं. माझे हात, पण सुरकुत्या पुसलेले. फक्त उजवी करंगळी आत दुमडलेली तशीच होती. ती चौऱ्याऐंशी साली कारखान्यात मशीनच्या पट्ट्यात सापडली होती, तेव्हापासून सरळ होत नाही. मी त्या हातांकडे बराच वेळ पाहत राहिले. वाईट वाटलं नाही, उलटंच वाटलं. एवढ्या वर्षांत माझे हात असे कोणी दाखवले नव्हते.

तिसऱ्या दिवशी जोड राहिले होते. मी ब्लेड घेऊन टोक खरवडायला लागले, तर कॅमेऱ्यांना ती बारीक तार आणि ब्लेड एकत्र सापडेना. चार वेळा केलं. चारही वेळा अमोलने मान हलवली.

"बाई, हे सोडून देऊ. दोन तारा पिळून जोडल्या एवढंच दाखवू. खरवडायचं तुम्ही वर्गात तोंडी सांगालच की."

"सांगेन," मी म्हटलं. करंगळी ठणकत होती, चहा आला होता, आणि मला ते हात पूर्ण झालेले बघायचे होते.

सहा महिन्यांत केंद्राने माझं मानधन थांबवलं. चष्मे आल्यावर तारेची खरेदीही बंद झाली. वायरिंग, वाइंडिंग आणि फ्रीज दुरुस्ती या तिन्हींना मिळून एकच सर राहिले, आणि ते फ्रीजवाले. जाताना मी त्यांना खरवडण्याचं सांगितलं का? आठवत नाही. यशोदाबाईंच्या चष्म्याचा दोरा कोणत्या रंगाचा होता ते आठवतं, हे आठवत नाही.

गेल्या डिसेंबरात एका दुपारी ललिता भोये माझ्या सिडकोतल्या घरी आली. सुरगाण्याकडची, वीस वर्षांची, काटकुळी, वेणी घट्ट बांधलेली. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलं होतं. शंभरपैकी सत्त्याण्णव. केंद्रात पहिली.

"धड्याच्या शेवटी तुमचं नाव येतं, बाई. पत्ता शिपाईकाकांनी दिला."

मी तिला चहा दिला. कप घेताना ती माझ्या हाताकडे बघत थांबली.

"हे हात मला माहीत आहेत," ती म्हणाली. "वर्षभर रोज बघितलेत. तुमचं तोंड आज बघतेय."

तिला काम हवं होतं. केंद्रात कोणी आलं नव्हतं मुलाखतीला. तिचे आईवडील दिवाळीनंतर द्राक्षाच्या कामाला पिंपळगाव बसवंतला येतात, दरवर्षी. या वर्षी आईची कंबर गेली होती. धाकटी बहीण आश्रमशाळेत सातवीला होती, आईच्या जागी आता तिला बागेत आणायचं चाललं होतं.

"बाबा म्हणाला, संक्रांतीपर्यंत थांबतो. तोवर मला लागलं तर धाकटी शाळेत राहील. मला बी असंच सातवीतनं आणलं होतं, बाई. दोन वर्षं गेली. परत शाळेत बसले तेव्हा बेंचवर सगळ्यांत उंच मीच."

मी स्टूल उलटं केलं आणि शिवणाच्या डब्यातला जाड दोरा तिच्या हातात दिला. स्टुलाच्या चार पायांवर तिने कॉइल घातली. वेढ्याशेजारी वेढा, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. आणि प्रत्येक वेढा दाबताना तिची करंगळी आत दुमडत होती.

"करंगळी का दुमडतेस ग?"

"तुम्ही दुमडता ना!"

मला हसू आलं. ती पट्ट्यात सापडलेली करंगळी आहे हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, मग कदाचित आणखीही काही बोलणं निघालं असतं. पण माझी मोडकी करंगळी एका धडधाकट मुलीच्या हातात चालताना बघून माझा ऊर भरून आला होता. दोऱ्यावर काही इनॅमल नसतं. टोकांचा विषय निघालाच नाही.

मी शेखरला फोन लावला. अठ्ठ्याण्णवच्या बॅचचा माझा विद्यार्थी. पिंपळगावला हायवेवर त्याचं रिवाइंडिंगचं दुकान आहे.

"बाई! अजून शिव्या घालायला जिवंत आहात म्हणायचं!"

"तुझ्या वाट्याच्या राहिल्यात म्हणून आहे. माणूस हवाय का दुकानात?"

"हंगाम सुरू होतोय, हवाच हाय. कोण पोरगा?"

"पोरगी."

"पोरी या धंद्यात नाय टिकत, बाई."

"मी कोण होते रे?"

"तुमची गोष्ट येगळी. बरं, तुमच्या हाताखालची हाय ना?"

स्टुलावरच्या कॉइलकडे बघत मी म्हटलं, "हो."

"मग पाठवा. तुमच्या हाताखालची म्हटल्यावर काय बघायचं!"

तिच्याबरोबर मीही गेले. सीबीएस स्टँडवरून एसटी, दहावा मैल, ओझर, मग पिंपळगाव. दुकानात शिरताच जळक्या वार्निशचा वास आला आणि मला एकदम बरं वाटलं. बारकू नावाचा पन्नाशीचा वाइंडर मांडी घालून कॉइल भरत होता. ललिताकडे बघून म्हणाला, "ताई, हे पापड लाटायचं काम नाय बरं का."

"पापड मला येत नाहीत, काका. हे येतं," ती म्हणाली आणि समोर बसली.

दुपारपर्यंत बारकूचं बोलणं बंद झालं होतं. तो तिच्या हातांकडे बघत होता. मी तोवर बाकावर बसून शेखरच्या बायकोने पाठवलेली शेवभाजी खात होते. माझे डोळे आता लांबचं बारीक पाहत नाहीत. तिने जोड कधी पिळले, वर स्लीवची नळी कधी सरकवली, मला दिसलं नाही. संध्याकाळी कॉइलमधून वीज जाते का ते बघायला शेखरने सिरीज लॅम्प लावून पाहिला. लॅम्प लागला. मोटार फिरवून पाहिली, फिरली.

"हात बघा, बाई," शेखर म्हणाला, "तुमचाच हाय."

तिला कामावर घेतलं. दुकानामागच्या खोलीत शेखरच्या आईजवळ राहायची सोय झाली. हंगामात बारकू बहुतेक बागांवर पंप बघायला बाहेर असायचा, दुकानात भरायला ती एकटीच. संक्रांतीला तिचा फोन आला. "बाई, तिळगूळ घ्या! बाबाने धाकटीला शाळेतच ठेवली." त्या दिवशी मी शेजारच्या सगळ्या पोरांना हलवा वाटला. आपण गेल्यावरही आपली कला राहील असं मला त्या महिन्यात खरोखरच वाटत होतं.

फेब्रुवारीच्या मध्याला शेखरचा फोन आला. शिव्यांची थट्टा नाही, काही नाही. "बाई, येऊन जाता का?"

दुकानात टेबलावर एक जळालेली मोटार उघडून ठेवली होती. बारकू भिंतीला टेकून उभा होता. ललिता कोपऱ्यात, हात पाठीमागे धरून. शेखरने जोडावरची स्लीव कापली आणि मला भिंग दिलं.

दोन तारा एकत्र घेऊन भरलेली मोटार होती. दोन्ही तारा सुरेख पिळल्या होत्या, पीळ अगदी एकसारखा. आणि दोन्ही कपड्यासकट. पिळताना एका तारेचा थर कुठेतरी तडकला असेल, तेवढ्यातून वीज गेली, म्हणून लॅम्प लागला, मोटार फिरली. पण सगळा भार त्या एका तारेवर. पंचवीस दिवस त्या तारेने तो ओढला. मग पॅकहाउसच्या शीतखोलीत, द्राक्षांच्या पेट्या छतापर्यंत लागलेल्या असताना, पंख्याची ही मोटार जळाली. परदेशात जायचा माल होता. त्याला घाम सुटला आणि तो मिळेल त्या भावाने बाजारात ओतावा लागला.

"विचारा तिला," शेखर म्हणाला.

मी विचारलं, "ललिता, टोकं खरवडली होतीस ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मोटारीकडे, मग परत माझ्याकडे.

"काय खरवडायचं, बाई?"

हायवेवरून कांद्याचे टेम्पो जात होते. मग बारकूने हळूच विचारलं, "पोरी, तुला शिकवलं कुणी?"

"बाईंनीच," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. खरं ते तिने सांगितलं.

मी शेखरला म्हटलं, "पाच मिनिटांचं काम आहे. मी आत्ता शिकवते."

"पाच मिनिटांचं हाय, मला माहीत हाय. तुम्ही मला आठ दिवस करायला लावलं होतं." तो खाली बघत बोलत होता. "चूक माझी बी हाय. दुसऱ्या कुणाच्या पोराचा एक एक जोड मी उघडून बघितला असता. तुमच्या हाताखालची म्हणून नाय बघितला. तिने भरलेल्या बाकी सगळ्या मोटारी बाहेर फिरतायत, बाई. ऐन हंगामात त्या थांबवून परत भरायच्या हायत. आणि पॅकहाउसवाले काय म्हणतात सांगू? त्या पोरीचा हात लागलेली मोटार नको. ती दुकानात असेल तर दुकानच नको. तिला आज समजेल, उद्या जमेल बी. पण त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगते."

"काय सांगाल?"

मी भिंग टेबलावर ठेवलं.

ललिताने खोलीतून तिची पिशवी आणली. शेखरच्या आईने तिच्या हातावर भाकरीचं फडकं ठेवलं. आम्ही दोघी स्टँडवर येऊन बसलो. तिची बस नव्हती, तिला बागेवर चालतच जायचं होतं. माझ्यासाठी ती थांबली होती.

"बाई, चष्म्यात ते का नव्हतं?"

मी तिला सगळं सांगितलं. कॅमेरे, ब्लेड, चार वेळा केलेलं, चहा. "मी सोडून दिलं," म्हटलं. "तीन दिवस झाले होते. दमले होते."

ती पायाजवळच्या कागदाकडे बघत होती.

"मी आठ दिवस खरवडलं असतं, बाई," ती म्हणाली. "मला कोणी सांगितलं असतं तर."

दुसऱ्या दिवशी मी अमोलला फोन केला. तो आता बंगळुरूला दुसऱ्या कंपनीत आहे. त्याला खूप वाईट वाटलं, खरोखरच वाटलं. "पण बाई, ते काम आम्ही देऊन मोकळे झालो. कंपनीच राहिली नाही. आता त्यात कोणालाच काही घालता येणार नाही."

मग केंद्रात गेले. प्राचार्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. नवीन चष्मे येतील तेव्हा बघू म्हणाले. फ्रीजवाल्या सरांनी मला वर्गात पाच मिनिटं दिली. मुलांनी चष्मे कपाळावर सरकवले. मी तारेचं टोक ब्लेडने खरवडून दाखवलं, खिडकीशी नेऊन गुलाबी रंग दाखवला. मागच्या मुलांना दिसला नसणार. एका मुलीने अदबीने हात वर केला.

"बाई, हे परीक्षेत आहे का?"

सर म्हणाले, "परीक्षा चष्म्यातच होते. त्यात नाही."

ती हो म्हणाली. मुलांनी चष्मे खाली ओढले. वीस करंगळ्या एकदम आत दुमडल्या आणि काम सुरू झालं. मी दारात उभी राहून थोडा वेळ बघत होते. मग शिपायाने विचारलं, रिक्षा बोलावू का.

मार्चमध्ये मी तारेचं एक रीळ आणि नवं ब्लेड पिशवीत टाकून परत पिंपळगावला गेले. कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. तिला शिकवायचं राहिलं होतं, एवढंच. शेखरने सांगितलं, ललिताच्या घरच्यांची मजूरटोळी उंबरखेड रस्त्याच्या बागेत आहे. रिक्षाने गेले. मांडवाखाली बायका ओळीने द्राक्षं काढत होत्या. ललिताची आई खाली पोत्यावर बसून घड निवडत होती. ललिता उभी होती, डाव्या हातात घड, उजव्या हातात कात्री. कात्री चालवतानाही करंगळी आत. तिच्याशेजारी, तिच्या खांद्याएवढी एक मुलगी द्राक्षांची पाटी धरून उभी होती. दोघींचं कपाळ एकसारखं.

"धाकटी," ललिता म्हणाली.

"शाळा?"

"आईला उभं राहवत नाही."

मी रीळ काढलं. तिने टोळीच्या माणसाकडे एकदा पाहिलं, हातातला घड पाटीत ठेवला आणि तार हातात घेतली. ब्लेड मी पुढे केलं, पण तिने घेतलं नाही. कात्रीची पाती उघडून तिने तार त्यांत धरली, अंगठ्याने दाबली आणि ओढली. एकदा, दोनदा, फिरवून तिसऱ्यांदा. पानांतून येणाऱ्या उन्हात तिने टोक धरलं. गुलाबी. मला आठ दिवस लागले होते.

"असं ना?"

"असंच," मी म्हटलं.

"आता समजलं," ती म्हणाली आणि तार मला परत दिली.

"राहू दे तुझ्याकडे."

"काय करू, बाई?"

टोळीचा माणूस लांबून ओरडला, "ए, पाव्हणी आली म्हणून काम बंद का?" तिने कात्री परत घडाला लावली. धाकटीने माझ्या हातातली तार बोटाला गुंडाळून पाहिली.

"ह्याची बांगडी होईल का?" तिने बहिणीला विचारलं.

"होईल," ललिता घडावरून नजर न काढता म्हणाली. "टोकं आत वळव, नाहीतर लागतील."

मी अख्खं रीळ धाकटीच्या पाटीत ठेवलं, घडांशेजारी, आणि रिक्षा उभी होती तिकडे चालू लागले.